गांजेकसाची साक्ष

(शहरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



गेल्या वर्षी याच ठिकाणी मी मिलच्या ‘ऑन लिबर्टी’वर बोललो होतो. १८५९ सालचं पुस्तक. जी कृती दुसऱ्याला इजा करत नाही तिच्यात समाजाने आणि सरकारने हात घालू नये, एवढंच त्याचं सूत्र; पण ते सांभाळायला फार अवघड. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारलं, “सर, मिलचं हे सगळं गांजाला लागू होतं का? आणि तुम्ही स्वतः कधी ओढलाय का?” लोक हसले. मीही हसलो. पहिल्या प्रश्नाचं मी दहा मिनिटं उत्तर दिलं. दुसऱ्याला म्हणालो, “तो वैयक्तिक प्रश्न आहे.”

घरी जाताना रिक्षात आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही त्या पोराला टाळलंत.” तर आजचं भाषण हे त्या टाळण्याबद्दल आहे.

आधी ते सांगून टाकतो म्हणजे तुमचं लक्ष पुढे राहील. हो, ओढलाय. पहिल्यांदा १९७४ साली, पैठणला, नाथषष्ठीच्या यात्रेत. मी एम.ए.ला होतो. गोदावरीच्या वाळवंटात बैरागी बसले होते, त्यांच्यातल्या एकाने साफी ओली करून चिलीम माझ्याकडे सरकवली. मला खोकल्याशिवाय काहीच झालं नाही. त्यानंतर नोकरीला लागल्यावर दोन मित्रांबरोबर, महिन्यातून एखाद्या वेळी, कधी तीन-चार महिने नाहीच, असं २००९ पर्यंत. मग हृदयाचं दुखणं निघालं आणि ते थांबलं. कोणताही साक्षात्कार झाला नाही, संसारही उद्ध्वस्त झाला नाही. संगीत ऐकायला बरं वाटायचं, भूक लागायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा तास मी वेळेवर घ्यायचो.

एक वकील मित्र म्हणाला, “असं जाहीर बोलू नका.” मी त्याला विचारलं, किती शिक्षा? अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत एक वर्षाची. म्हणजे माझा गुन्हा केव्हाच मुदतबाह्य झाला. तेव्हा माझ्या आजच्या बोलण्यात शौर्य वगैरे काही नाही. पेन्शन चालू आहे, मुलं मार्गी लागली आहेत. ज्या वयात हे बोलण्याची काही किंमत मोजावी लागली असती त्या वयात मी बोललो नाही. हे लक्षात ठेवूनच माझी साक्ष ऐका.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरला. अलीकडे जगभर एक नवा वाङ्मयप्रकार तयार झाला आहे, त्यात लोक उघडपणे सांगतात की मी गांजा ओढतो, माझं सगळं नीट चाललंय, आणि म्हणून तो कायदेशीर करा. आपल्याकडेही शिकलेल्या घरांतली मुलं असं बोलायला लागली आहेत. या प्रकाराची मला आज चिकित्सा करायची आहे, कारण निष्कर्षाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे आणि युक्तिवाद मला फसवा वाटतो.

साक्षीचा विचार आपल्याकडे न्यायदर्शनाने फार बारकाईने केला आहे. शब्द हे प्रमाण केव्हा? तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. वात्स्यायन भाष्यात सांगतो की ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. मला हे वाक्य शिकवताना दरवर्षी आनंद व्हायचा. मग प्रश्न असा: गांजेकस हा आप्त होऊ शकतो का? त्याने वस्तू जाणली आहे, हे खरंच. पण नीट जाणली आहे का? आणि जशी पाहिली तशी सांगायची त्याला मुभा आहे का?

आपल्या देशात गांजावर जगातली बहुधा सगळ्यात मोठी साक्ष नोंदवली गेली ती १८९३-९४ साली. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला, आणि जुलैत हिंदुस्थान सरकारने भांग-गांजा-चरस चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सात सभासद, त्यांत तीन हिंदी. सत्तर प्रश्नांची प्रश्नावली, ११९३ साक्षीदार, सात खंडांचा अहवाल. मुंबई इलाख्यातली गांजाची लागवड तेव्हा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारी, गोदावरीच्या पलीकडे, परवान्याने होत असे. हे ऐकून आज लोक चमकतात.

या अहवालातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मी तुम्हाला वाचायला सांगेन. तेव्हा सर्वमान्य समजूत होती की गांजाने वेड लागतं, आणि पुरावा काय, तर इस्पितळांची नोंदपुस्तकं. आयोगाने १८९२ सालचे दाखले एकेक करून तपासले. १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग, चरस लिहिलं होतं. खोलात गेल्यावर ९८ जणांबाबतच त्याचा काही संबंध मानता येईल असं निघालं, आणि केवळ हेच कारण म्हणता येईल असे ६१. मग बाकीच्यांच्या पुढे गांजा कुठून आला? तर रुग्णाबरोबर येणारा कागद बहुतेक वेळा पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने भरलेला. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. माणूस फाटका आहे, बोलणं विसंगत आहे, नातेवाईक सापडत नाहीत, लिहा गांजा. डॉक्टरांनी तोच शब्द नोंदपुस्तकात उतरवला, नोंदपुस्तकावरून वार्षिक आकडे झाले, आणि आकड्यांवरून तज्ज्ञांची मतं झाली. ज्ञानमीमांसेच्या वर्गात दाखवावं असं हे उदाहरण आहे. हजार तज्ज्ञ एकच गोष्ट सांगत होते आणि सगळ्यांच्या मुळाशी एका हवालदाराचा अंदाज होता.

आयोगाने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सहसा दुष्परिणाम दिसत नाहीत, अतिसेवनाने नक्की होतात. पूर्ण बंदी नको, कर आणि परवाना यांनी आवर घाला. बंदी घातली तर लोक दारूसारख्या वाईट गोष्टींकडे वळतील. दोन हिंदी सभासदांनी यावर भिन्नमतपत्रिका जोडल्या, तेही सांगायला हवं, कारण आजचे समर्थक ते सांगत नाहीत. शिवाय सरकारला या मालावर महसूल मिळत होता. आयोग अगदी निःस्वार्थ होता असं मी म्हणणार नाही. आमच्या मिलचंही तेच. चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी नको, कारण ती विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्याने ‘ऑन लिबर्टी’त लिहिलं. आणि तो पस्तीस वर्षं नोकरीला होता ईस्ट इंडिया कंपनीत, जिला अफूचं उत्पन्न होतं. गेल्या वर्षी मी हे सांगायला विसरलो होतो. विसरलो म्हणजे, सोयीचं नव्हतं.

पण आयोगाच्या त्या सात खंडांत मला खटकतं ते वेगळंच. प्रश्नावली वाचा. कोणत्या वर्गातले लोक ओढतात, किती लोक ओढतात, समाजात त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही ‘ते लोक’ म्हणून बोलतात. साक्षीदारांत कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी, जमीनदार, वकील, व्यापारी यांचाच भरणा. चिलमीच्या भोवती बसलेला माणूस त्या कागदांत विषय म्हणून येतो, बोलणारा म्हणून फारसा येत नाही.

आता दुसरं टोक. १९७१ साली हार्वर्डच्या विद्यापीठ प्रकाशनाने लेस्टर ग्रिनस्पून या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘मारिव्हाना रिकन्सिडर्ड’ हे पुस्तक काढलं. ग्रिनस्पून मुळात गांजाचे दुष्परिणाम मांडायला बसला होता, वाचता वाचता त्याचं मत फिरलं. त्या पुस्तकात ‘मिस्टर एक्स’ नावाच्या माणसाचा १९६९ साली लिहिलेला निबंध आहे. हा मिस्टर एक्स म्हणजे कार्ल सेगन, खगोलशास्त्रज्ञ, ज्याची ‘कॉसमॉस’ मालिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सेगन १९९६च्या डिसेंबरमध्ये वारला, आणि हे नाव जाहीर झालं १९९९ साली, त्याच्या चरित्रातून.

हा निबंध मी चार-पाच वेळा वाचला आहे. चांगला आहे. चित्रं पूर्वी कळत नव्हती ती कळायला लागली, संगीतातले वेगवेगळे पदर ऐकू यायला लागले, हे तो अगदी साध्या, न फुगवलेल्या भाषेत सांगतो. नशेत सुचलेलं सकाळी फोल वाटतं, ही समजूत तो खोडून काढतो. म्हणतो, अडचण सुचण्यात नसून सकाळच्या माणसाला रात्रीच्या माणसाचं पटवून देण्यात आहे. एकदा अंघोळ करताना वंशद्वेषाबद्दल काही सुचलं तेव्हा त्याने साबणाने भिंतीवर आलेख काढले. हे वाचताना माणूस समोर उभा राहतो.

आणि मग तो गाडी चालवण्याबद्दल लिहितो. नशेत गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवायची वेळ आली, काही अडचण आली नाही, फक्त सिग्नलच्या लाल रंगाचं फार कौतुक वाटलं. तुम्ही असं करा असं मी म्हणत नाही, पण करता येतं, अशी पुस्तीही जोडतो. इथे मी पुस्तक मिटलं होतं. अहो, ज्या बुद्धीला सिग्नलचा लाल रंग चेरीसारखा सुंदर दिसतो आहे तिचाच निर्वाळा तुम्ही गाडी नीट चालवल्याबद्दल देता? दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात सेगनने असा पुरावा दारातून आत घेतला नसता. तपासणारं साधन आणि तपासायची वस्तू एकच झाली आहे. वात्स्यायनाच्या भाषेत, वस्तू जाणली आहे, पण नीट जाणली आहे याची खात्री नाही. गांजेकसाच्या साक्षीतला हा मूळचा दोष आहे, आणि तो माझ्याही साक्षीत आहे. ‘सकाळी नऊचा तास मी वेळेवर घ्यायचो’ असं मघाशी म्हणालो. तास कसा घ्यायचो, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारायला हवं.

दुसरा दोष संख्येचा. ज्याचं बरं चाललं आहे तोच असा निबंध लिहितो. ज्याचं बिघडलं त्याला निबंध लिहायला बोलावत नाहीत. १९८७ साली स्वीडनमधल्या पंचेचाळीस हजारांवर सैन्यभरतीच्या तरुणांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण, न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळलं. हे कारण की नुसता संबंध, यावर वाद चालूच आहे. पण कोवळ्या वयात, वारंवार, आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असताना ओढणं धोक्याचं आहे, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. ‘मला काही झालं नाही’ या वाक्याने त्या मुलांचं काहीच उत्तर होत नाही.

तरीसुद्धा तो निबंध महत्त्वाचा का वाटतो? त्यात जे नाही त्यामुळे. त्यात नाव नाही. कायद्याची बंदी अन्यायाची आहे असं तो ठामपणे लिहितो, पण खाली सही करू शकत नाही. अधिकार असलेला माणूस तीस वर्षं बिननावाचा राहतो, आणि त्याच काळात ज्यांना वकील परवडत नाही अशा माणसांची नावं पोलिसांच्या डायऱ्यांत जमा होत राहतात.

आता मराठीकडे येतो.

मराठीत व्यसनाच्या कबुलीचं वाङ्मय आहे, आणि चांगलं आहे. ब्राउन शुगरचा विळखा पडला तेव्हा अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांचं पाठबळ होतं. आपल्याकडे ‘मी व्यसनी होतो’ हे नाव-गाव सांगून, चारचौघांत उभं राहून म्हणता येऊ लागलं याचं श्रेय पुष्कळसं त्या लोकांना आहे. मी त्याबद्दल आदरानेच बोलतो. पण त्या कबुलीचा काळ बघा: भूतकाळ. होतो, बुडालो, सावरलो. ‘मी कधीमधी ओढतो आणि माझं बरं चाललंय’ असं वर्तमानकाळी वाक्य मराठीत म्हटलं की ते एक तर फुशारकी वाटतं नाही तर विनोद. ‘व्यसन’ हा शब्दच बघा ना, संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असा आहे. कधीमधी घेणं आणि सुटता न सुटणं या दोन्हींना आपण तोच शब्द वापरतो. पैसेवाल्याच्या बाबतीत तेवढा ‘शौक’ म्हणतो.

संतवाङ्मयात तुकोबांच्या गाथेत भोंदू संतांचं वर्णन आहे, त्यात तंबाखूची नळीही आहे आणि भांगही आहे. तिथे तुकोबांचा रोख स्पष्ट आहे. उलट दासगणूंच्या ‘गजानन विजय’मध्ये काशीहून आलेला गोसावी नवस फेडायला गांजा घेऊन शेगावला येतो, महाराज भक्ताची इच्छा पुरी करतात, आणि कवी लगेच खुलासा करतो की महाराज त्यापासून अलिप्तच होते. ही पोथी घरोघर वाचली जाते. माझ्या आईने किती पारायणं केली असतील. गांजाचा तो प्रसंग वाचताना तिचा आवाज जराही बदलत नसे. अलिप्ताने ओढलेलं चालतं, व्यसन्याने ओढलेलं चालत नाही, आणि साधारण माणूस या दोहोंपैकी कोणीच नसतो; त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, प्रसंग नाही. ‘भांगेत तुळस’ म्हणतो तेव्हा आपण तुळशीबद्दल बोलत असतो.

समर्थक मंडळी ही परंपरा फार वापरतात. शंकराचा प्रसाद, साधूंची चिलीम, कुंभमेळा. मला हा युक्तिवाद मान्य नाही. परंपरेत आहे म्हणून चांगलं, असं म्हणायला लागलो तर परंपरेत आणखी काय काय आहे त्याची यादी या शहरात, जिथे बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभं केलं, मी करायची गरज नाही. ‘नैसर्गिक आहे’ हाही तसलाच. धोतराही नैसर्गिकच आहे.

मग मी बाजूने का? ते सांगण्याआधी एक हकिगत सांगतो. ती मी कुठेही सांगितलेली नाही, सौ.नाही अर्धीच माहीत आहे.

१९९३ साल. मी ज्या संस्थेत होतो तिच्या वसतिगृहाच्या शिस्त समितीवर आम्ही तिघे होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या ट्रंकेत चिलीम आणि गांजाची पुडी सापडली. शेतमजुराचा मुलगा, खेड्यातून आलेला, वर्गात बोलायचा नाही पण उत्तरपत्रिकेत स्वतःचं काहीतरी लिहायचा. मार्क मध्यम. समितीपुढे तो म्हणाला, “सर, कधी कधी ओढतो. झोप येत नाही म्हणून.” एकाने विचारलं, “अजून कोण कोण ओढतं?” त्याने नाव सांगितलं नाही. दुसरे सहकारी माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुम्हाला काय वाटतं?”

पंधरा दिवसांपूर्वीच मी सिडकोतल्या मित्राच्या गच्चीवर बसून ओढला होता. मला काय वाटतं हे मला नीट माहीत होतं. मी म्हणालो, “नियम सर्वांना सारखा असतो.” त्याला सांगण्यात आलं की स्वतःहून वसतिगृह सोड, नाहीतर पोलिसांत कळवावं लागेल. तो गेला. खोली भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून महाविद्यालयही सुटलं. ठरावाचा मसुदा मी लिहिला. ‘वसतिगृहाच्या शिस्तीस व शैक्षणिक वातावरणास बाधक वर्तन’, हे शब्द माझे. भाषा चांगली म्हणून नेहमी मलाच लिहायला सांगायचे.

त्या खोलीत आप्त कोण होता? त्या मुलाने वस्तू जाणली होती आणि जशी होती तशी सांगितली, झोप येत नाही हेसुद्धा. कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं त्याला. आणि मी? मीही वस्तू जाणली होती. मी खोटं काहीच बोललो नाही, नियम खरंच सर्वांना सारखा असतो. र. धों. कर्व्यांवर मी वर्गात किती जोरात बोलायचो! संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ स्वतःच्या नावाने चालवलं, खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील होते. हे सगळं सांगताना माझा आवाज चढायचा.

त्याच सवयीने २००९ साली इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू, दारू, आणखी काही? मी म्हणालो, काही नाही. गांजाने नाडी जलद होते, हृदयरोग्याच्या बाबतीत ही माहिती उपयोगाची असते, हे मी वाचलेलं होतं. तरी नाहीच म्हणालो. गुन्हा ठरवल्यामुळे माणूस खरं सांगण्याच्या जागी खरं सांगत नाही. कायद्यात कलम ६४अ आहे, उपचाराला स्वतःहून येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळते. पण आधी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्या.

आता कायदा. १९८५ सालचा अंमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबरला अंमलात आला, मागे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार. यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवाय पान आणि बी त्यात येत नाही, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचं परवान्याचं बंधन आहे, ते वेगळं. म्हणजे एकाच झाडाचं पान एका कायद्यात आणि फूल दुसऱ्या कायद्यात. तुरीच्या शेतात गांजाची झाडं सापडल्याची बातमी आपल्या जिल्ह्यात अधूनमधून येते, वजन अमुक किलो. वीस किलो ही व्यापारी मात्रा, तिथून पुढे दहा वर्षांची किमान शिक्षा. वजन कशाचं केलं, पाल्याचं, बियांचं की नुसत्या फुलोऱ्याचं, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात २०२२ साली एका जामिनाच्या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

केंद्र सरकारसाठी एम्सच्या केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १० ते ७५ वयोगटातल्या २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेला होता, सुमारे ३ कोटी १० लाख. एवढ्यांना पकडता येत नाही, म्हणून निवड होते. आणि निवड कशी होते? मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांच्या प्रकरणांचा ‘विधी’ या संस्थेने अभ्यास केला, त्यात जवळजवळ सगळी प्रकरणं वैयक्तिक सेवनाची आणि त्यातली बहुतेक गांजाची निघाली. माणसं मुकाट्याने गुन्हा कबूल करून दंड भरतात. रस्त्यावर ओढणारा सापडतो. माझ्या मित्राच्या गच्चीला दार होतं.

माझी बाजू या दारावर उभी आहे. गांजा निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे. उपद्रव आहे, तो किती आणि कोणाला हे मोजावं, आणि शिक्षा त्याहून मोठी नसावी. मिलच्या सूत्राचा माझ्या लेखी एवढाच उपयोग. वैयक्तिक सेवन गुन्ह्यातून काढा. विक्रीला परवाना, वयाची अट, मालाची तपासणी, जाहिरातीला बंदी. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगण्याची मुभा दिली आणि घरी तीन झाडं लावू दिली, पण दुकानं उघडली नाहीत. थायलंडने २०२२ साली एकदम मोकळं केलं, धड नियम केले नाहीत, आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परत यावं लागलं. घाई केली की असं होतं. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताचं मत बाजूने होतं. हे आपल्या संसदेत कोणी फारसं बोललेलं मला आठवत नाही.

एक आक्षेप राहिला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. या शहरात सध्या पोरं गांजापेक्षा ‘बटन’ने बरबाद होत आहेत. झोपेच्या गोळ्या, नायट्राझेपामच्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा धाकटा मुलगा त्यात आहे. मी त्यांना आजच्या भाषणाचा विषय सांगितला. त्या फरशी पुसत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, “सर, गोळ्या तर मेडिकलच्याच आहेत ना? चिठ्ठीवरच मिळतात म्हणे. मग माझ्या पोराला कुणी दिल्या?” परवाना, चिठ्ठी, वयाची अट, हे मी आत्ता जे मोठ्या आवाजात मांडलं ते सगळं त्या गोळ्यांना आज लागू आहेच. आणि तरी त्या त्यांच्या गल्लीत पोचतात. बंदीने काम होत नाही हे मला दाखवता येतं. नियमनाने आपल्या गल्लीत काम होईल, हे मी मावशींना दाखवू शकलो नाही. मी फक्त एवढं म्हणालो की तुमच्या मुलाला पोलिसांऐवजी डॉक्टरकडे न्यायला भीती वाटू नये, एवढं तरी होईल. त्या म्हणाल्या, “तेवढं झालं तरी बघा.”

त्या १९९३ च्या मुलाचा पत्ता मी गेल्या वर्षी शोधला. जुन्या नोंदवहीत गाव होतं. पत्र लिहिलं, मसुदा चार वेळा केला, या खेपेला भाषा चांगली होत नव्हती. तीन आठवड्यांनी ते परत आलं, पाकिटावर शेरा: ‘या पत्त्यावर राहत नाही’. गावातल्या शिक्षकांकडून कळलं की तो पुण्याकडे कंपनीत लागला होता, नंतरचं त्यांना माहीत नाही. शोध चालू आहे.

मी इथेच थांबतो. प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत असं संयोजक खुणावताहेत. तो मागच्या वर्षीचा मुलगा आला असेल तर माईक आधी त्याच्याकडे द्या.